पाच लाद्यांचं वजन

सुहासिनी टिपणीस भित्री होती, हे अंधेरीत तिला ओळखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिला स्वतःला तर सगळ्यांच्या आधी. तार आली की कुणीतरी गेलं असणार. दार वाजलं की काहीतरी बिनसलं असणार. मुख्याध्यापिकांनी बोलावलं की जिना उतरता उतरता ती आपल्या चुका आठवत जायची. विजेचं बटण दाबताना ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. पोलीस दिसला की रस्ता ओलांडायची, मग तो पोलीस बिचारा शेंगा खात उभा का असेना.

पण खडू हातात आला की ही बाई निराळीच व्हायची. एरवी विंगेत थरथरणारा नट पाऊल पुढे टाकताच बदलतो ना, तशी. मुलींच्या शाळेत ती अकरावीला पदार्थविज्ञान शिकवायची. आवाज खणखणीत, मान ताठ. टेबलावर दोन लाकडी गाड्या, एका गाडीच्या तोंडाला शाडूचा ओला गोळा. एक गाडी ढकलायची. ती दुसरीवर आदळायची, गोळा चिकटायचा, आणि दोघी मिळून जरा सावकाश पुढे जायच्या.

"वस्तुमान गुणिले वेग, याला म्हणायचं संवेग," ती सांगायची. "धडकेच्या आधी जेवढा, तेवढाच धडकेनंतर. ओझं वाढलं, म्हणून वेग कमी झाला. गुणाकार तोच."

वाकोल्याहून येणारी एक आगाऊ मुलगी होती. ती एकदा म्हणाली, "पण बाई, काहीतरी हरवलंच ना? ठप्प असा आवाज आला, गोळा चेपला. ते कशातून आलं?"

"ती ऊर्जा. ती हरवते. आवाजात जाते, मोडण्यात जाते. म्हणून अशा धडकेत ऊर्जेचा हिशेब धरून बसायचं नाही, फसाल. संवेग धरायचा. तो दगा देत नाही."

वर्गातलं हे वाक्य आपल्याच घरात उतरेल, असं तिला तेव्हा स्वप्नातही वाटलं नव्हतं.

*

घरात ती आणि तिचा धाकटा भाऊ नंदकिशोर, दोघंच. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि तो नऊ. त्याची मुंज तिने केली, गोवर तिने काढला, फॉर्म तिने भरले. स्वतःचं लग्न आज करू उद्या करू म्हणता म्हणता राहून गेलं. आता तो सव्वीस वर्षांचा होता. उंच, गोरागोमटा, केसांना भरपूर तेल, ओठांवर शीळ. एका औषधांच्या कंपनीत फिरता विक्रेता होता आणि कंपनीची छोटी व्हॅन चालवायचा. ती व्हॅन दारात उभी राहिली की आळीतली पोरं गोळा व्हायची, आणि सुहासिनी खिडकीतून म्हणायची, "नंदू, हळू चालव रे."

"ताई, बैलगाडी घेऊ का?" तो हसायचा.

पंचावन्न सालच्या ऑक्टोबरात, एका सकाळी दहाच्या सुमाराला, ही व्हॅन अंधेरीहून वेसाव्याकडे निघाली. दोन्ही बाजूंना भरतीच्या पाण्याचं खाजण, मधून अरुंद रस्ता, आणि मध्येच एक वळण. त्या वळणावर व्हॅन एका हातगाडीवर आदळली. हातगाडी व्हॅनच्या तोंडात अडकली, तिची चाकं मोडली, आणि दोन्ही मिळून रस्त्यावर घासत गेल्या. गाडी ओढणारा होता वेसावे गावातला महादू, पन्नाशीचा कोळी. वादळात होडी गेल्यापासून गावाला ओझी वाहून देणारा. तो जगला. पण त्याचा डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला.

शाळेत निरोप आला तेव्हा सुहासिनी फळ्यावर आकृती काढत होती. आयुष्यभर ज्या बातमीची ती वाट बघत होती ती आलीच आहे, असं तिला वाटलं. खडू तिने नीट पेटीत ठेवला, आणि आकृती अर्धवट सोडून ती निघाली.

नंदकिशोरला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण त्याच्यावर खटला भरला गेला: बेदरकारपणे गाडी हाकून एका माणसाला जबर दुखापत केली. दोषी ठरला तर तुरुंग. त्या रस्त्यावर ताशी तीस मैलांची मर्यादा होती. त्याच्या आत होता की बाहेर, यावर सगळं येऊन ठेपलं.

"पंचविसाच्या वर नव्हतो मी ताई," नंदू म्हणाला. "तो मधोमध आला. वळणावर समोर एकदम! मी तरी काय करणार?"

त्याचे ओठ पांढरे पडले होते. नऊ वर्षांचा असताना तो असाच दिसायचा. सुहासिनीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

*

वकील होते श्यामकांत गुप्ते. वडिलांच्या ओळखीतले, गोल चेहऱ्याचे, सतत सुपारी कातरणारे. त्यांनी पंचनामा मागवला, वाचला, आणि मांडीवर थाप मारली.

"झकास! अहो, पोलिसांनी आपलंच काम केलंय. धडक जिथे झाली तिथपासून ब्रेकचे वळ सुरू होतात. छत्तीस फुटांवर दोन्ही गाड्या थांबल्या. मी हीच व्हॅन त्याच रस्त्यावर एका जाणकाराकडून चालवून घेतली. ब्रेक करकचून दाबला की दर सेकंदाला वेग अठरा फुटांनी उतरतो. आता तुम्ही शास्त्राच्या बाई. सांगा, किती वेग होता?"

"मी?" सुहासिनी दचकली. "मी बहीण आहे त्याची. माझं कोण ऐकणार?"

"बहीण असलात म्हणून काय झालं? गुणाकार-भागाकार कुणाचे भाऊ लागत नाहीत. मॅजिस्ट्रेटसाहेब हिशेबी माणूस आहेत. तुम्ही मांडा, ते तपासतील."

तिने तिथेच, त्यांच्या टेबलावरच्या एका पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. दोन गुणिले अठरा गुणिले छत्तीस, बाराशे शहाण्णव. त्याचं वर्गमूळ छत्तीस.

"सेकंदाला छत्तीस फूट," ती म्हणाली. "म्हणजे ताशी साडेचोवीस मैल."

"चोवीस!" वकिलांनी अडकित्ता खाली ठेवला. "नंदू पंचवीस म्हणतो ते खरंच की! लिहा, सही करा, संपलं."

"नाही, नाही काका. हा धडकेनंतरचा वेग. दोन्ही मिळून घासत जायला लागल्या तेव्हाचा. आधी व्हॅन एकटी होती. तिला जास्त असणार."

वकिलांचा चेहरा पडला. "किती जास्त?"

"वजनांवर आहे."

वजनं कागदपत्रांत होती. व्हॅन, आतला माल आणि नंदू मिळून तीस मण. मोडकी हातगाडी पोलिसांनी काट्यावर घातली होती, ती पाच मण. हातगाडी वळणावर जवळजवळ उभीच होती, तेव्हा तिचा संवेग शून्य. धडकेनंतर पस्तीस मण ओझं छत्तीस फुटांच्या वेगाने निघालं. धडकेआधी तेवढाच संवेग एकट्या तीस मणांच्या व्हॅनमध्ये होता. छत्तीस गुणिले पस्तीस, भागिले तीस.

"बेचाळीस," सुहासिनी म्हणाली. तिची पेन्सिल थांबली. ताशी तीस मैल म्हणजे सेकंदाला चव्वेचाळीस फूट. "काका, बेचाळीस. मर्यादेच्या आत. साडेअठ्ठावीस मैल."

इतका वेळ शेजारी नखं खात बसलेल्या नंदूने तिला टेबलाशीच मिठी मारली. "ताई, तू वाचवलंस!" वकिलांनी सुपारी पुढे केली. सुहासिनी रडत होती आणि हसतही होती. अडतीस वर्षांच्या आयुष्यात एवढी हलकी ती कधी झाली नव्हती.

पंचनामा तिने घरी नेला. स्वच्छ अक्षरात प्रत करायची म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, प्रत करता करता, ती एका ओळीवर अडकली.

"हातगाडी रिकामी. फळ्या ओल्या. फटींत लाकडाचा भुसा."

पंचनामा दुपारी एक वाजता झालेला. ऑक्टोबरातलं रणरणतं ऊन. पाऊस जाऊन पंधरा दिवस झालेले. ओल्या का?

तिने प्रश्न स्वतःला विचारला मात्र, आणि उत्तर लगेच आलं, कारण उत्तर माहीत नसणारा माणूस त्या भागात सापडला नसता. भुशात घालून काय नेतात? वेसाव्याला होड्या लागल्या की कारखान्यातून हातगाड्यांवर काय जातं?

बर्फ.

सुहासिनीने झरणी खाली ठेवली. गाडीवर बर्फ असेल तर पुढचं ओझं पाच मण नाही. ओझं जास्त, तर तेवढंच घासत जायला आधीचा वेग जास्त हवा. किती? बर्फ किती होता त्यावर. चव्वेचाळिसाच्या वर जायला फार लागणार नव्हता. तिने तोंडी केलं: पावणेदोन मण. एखादी लादी पुरे.

तिने कागद उलटा करून ठेवला. त्यावर डबा ठेवला. जणू आकडे आपण होऊन उठून बसतील.

*

पुढचे आठ दिवस तिने त्या डब्याला हात लावला नाही. वर्गात ती गाड्यांचा प्रयोग टाळून प्रकाशावर गेली. नंदू शीळ घालत घरात वावरायचा. एकदा तिने वकिलांना आडून विचारलं, "काका, समजा गाडी रिकामी नसती तर?"

श्यामकांतांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, महादूने जबाब दिलाय, गाडी रिकामी होती. गावच्या दोन पंचांनी सह्या केल्यात. कोर्टात जे कागदावर नाही ते जगात नाही. तुम्ही मास्तरीण आहात, उदाहरणात जेवढं दिलंय तेवढंच घ्यायचं. कळलं?"

तिला कळलं. आणि कळूनही एका रविवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, ती वेसाव्याच्या वाटेने चालू लागली. खात्री करून घ्यायची, बस्स. गाडी खरंच रिकामी असेल, बर्फ पोचवून तो परत येत असेल, आणि आपली रात्रंदिवसाची तगमग एकदाची थांबेल. असं ती स्वतःला सांगत होती.

महादूची बायको सगुणा आधी टिपणिसांच्या दारावर मासळी घेऊन यायची. अपघातानंतर ती आळीत फिरकली नव्हती. गावात शिरताच सुहासिनीला वाटलं, वाळवणावरची प्रत्येक बाई आपल्याकडेच बघते आहे. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. सुकटीचा वास, ओल्या जाळ्यांचा वास, आणि आपल्या कपाळावरचा घाम. कुणी ओरडलं तर? कुणी दगड मारला तर?

सगुणा ओट्यावर कोलंबी सोलत बसली होती. तिने मान वर केली, आणि सोलणं थांबवलं नाही.

"काय गो बाय, पापलेट हवं का? की दुसरा पाय बघायला आलीस?"

सुहासिनी ओट्याखालीच उभी राहिली. आत खाटेवर महादू पडला होता, पाय पांढऱ्या प्लास्टरमध्ये. तोच म्हणाला, "सगुणे, बसायला तरी सांग तिला. ती काय गाडी हाकत होती?"

"हाकनारा भाव तर तिचाच ना! कोरटात म्हनतात, महादूच मधे आला. पंचवीस वरसं त्या रस्त्यानं चालतोय, आन तो मधे आला!"

सुहासिनी ओट्याच्या कडेला टेकली. "सगुणाबाई, मी एकच विचारते. त्या दिवशी गाडीवर बर्फ होता?"

कोलंबी सोलणारी बोटं थांबली. शेजारच्या ओट्यावरची बाई उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

एवढ्यानेच उत्तर मिळालं होतं. पण सगुणा तिच्या जवळ सरकली, आणि तिचा सगळा ताठा गेला.

"तुला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. फळ्या ओल्या होत्या."

"बाय, तुझ्या पाया पडते, कोरटात बर्फाचं नाव काढू नको." सगुणा आता कुजबुजत होती. "बर्फ व्यापाऱ्याचा. पाच लाद्या. रस्त्यावर फुटून पडला. समोरनं आमच्या बाया टोपल्या घेऊन येत व्हत्या, बाजारला चाललेल्या. आधी ह्याला उचलला, ट्रकात घातला. आन मग... ऊन कसलं व्हतं! तुकडे इतळून जानारच व्हते. बायांनी टोपलीत भरले, मासळीवर घातले. तवा वाटलं नाय काय. मागनं व्यापारी आला बोंबलत, माझा बर्फ कुनी लुटला, पोलिसात देतो एकेकीला."

"म्हणून मी म्हटलं, गाडी रिकामी," महादू आतून म्हणाला. "पंच पन गावचेच. व्यापाऱ्याला सांगितलं, सगळा खाजनात पडला. पाय माझा मोडला, बायांना कशाला कोठडी?"

सुहासिनीने विचारलं, "एक लादी केवढी?"

"दोन मन," महादू म्हणाला. मग जरा वेळाने, "का?"

ती मनात मोजत होती. पाच दुणे दहा. व्हॅन तीस, गाडी पाच, बर्फ दहा. पंचेचाळीस मण ओझं, छत्तीस फूट. छत्तीस गुणिले पंचेचाळीस, भागिले तीस. चोपन्न. मर्यादेच्या दहा फूट वर. आकडा इतका सरळ, इतका बिनअपूर्णांकाचा आला. वर्गात उदाहरण नीट सुटलं की तिला किती आनंद व्हायचा!

"नाही काढणार ना नाव?" सगुणाने तिचं मनगट धरलं होतं. कोलंबीच्या पाण्याने गार झालेला तो हात.

आणि सुहासिनीला, लाज वाटण्याआधी, सुटल्यासारखं वाटलं. ज्याचा पाय मोडला त्याच्याच घरचे विनवतायत, बोलू नकोस. मग आपण बोलायचं कशाला?

"नाही," ती म्हणाली.

उठताना तिची नजर पुन्हा खाटेवर गेली. ऊर्जा हरवते, ती वर्गात सांगायची. आवाजात जाते, मोडण्यात जाते. मोडण्यात म्हणजे कुठे, हे तिने आजवर पाहिलं नव्हतं.

*

जानेवारीत खटला उभा राहिला. नंदूने नवा कोट घातला होता. कोर्टाच्या जिन्यावर तो तिला म्हणाला, "ताई, घाबरू नकोस हं. फळ्यासमोर उभी आहेस असं समज." त्याने हे मायेनेच म्हटलं.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ती चढली तेव्हा कठड्याचं लाकूड तिला दिसत होतं, त्यापलीकडचं सगळं धूसर. शब्द विसरलेल्या नटाला निदान विंगेतून कुणीतरी पुढचं वाक्य सांगतं. इथे डाव्या हाताला भाऊ होता, उजव्या हाताला बाकावर कुबडी मांडीवर घेऊन महादू, त्याच्याशेजारी सगुणा, आणि तिघांनाही तिच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं.

श्यामकांत वकिलांनी प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली. वळांची लांबी. व्हॅनचं वजन. गाडीचं वजन, पंचनाम्याप्रमाणे. धडकेनंतर छत्तीस फूट. धडकेआधी बेचाळीस. मॅजिस्ट्रेटसाहेब कागदावर स्वतः गुणाकार करत होते. सरकारी वकिलांनी दोन-तीन प्रश्न विचारले, पण सगळे तिच्या नात्याबद्दल. आकड्यांच्या वाटेला ते गेलेच नाहीत. झालं. सुटलो.

ती पायरी उतरायला वळली तेवढ्यात मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मान वर केली. सौम्य चेहऱ्याचे, पिकल्या मिशांचे गृहस्थ. उदाहरणाची त्यांना गंमत वाटली असावी.

"बाई, छान समजावलंत. माझ्या वेळी असं कुणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं." कोर्टात हसू फुटलं. "मला सांगा, तुमच्या वर्गातल्या मुलीने हे उदाहरण असंच सोडवून आणलं, तर तुम्ही तिला पैकीच्या पैकी द्याल?"

नुसता थट्टेचा प्रश्न. हो म्हणायचं आणि उतरायचं.

सुहासिनीने तोंड उघडलं. तिने नंदूकडे पाहिलं. तो हसत होता. सगुणाकडे पाहिलं, ती हसत नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

"का बरं?"

"एक वजन धरायचं राहिलंय, साहेब."

श्यामकांत वकील ताडकन उठले. "साहेब, साक्षीदार थकली आहे—"

"बसा. कुठलं वजन, बाई?"

"गाडी रिकामी नव्हती. पंचनाम्यात आहे, फळ्या ओल्या होत्या, भुसा होता. ऑक्टोबरातली दुपार होती. गाडीवर बर्फ होता." तिचा आवाज इतका बारीक होता की कारकुनाने पुन्हा विचारलं. तिला पुन्हा सांगावं लागलं. "बर्फ होता."

"मग त्याचं झालं काय?"

सगुणाने पदर तोंडात कोंबला होता.

"तीन तास ऊन होतं साहेब," सुहासिनी म्हणाली. "बर्फ तो. वितळला."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी महादूकडे मान वळवली. "काय रे, खरं?"

महादू कुबडीवर भार देऊन उठला. बायकोकडे पाहिलं, मग पिंजऱ्यातल्या बाईकडे. वितळला, असं ती म्हणाली होती. दुसरं काहीच म्हणाली नव्हती.

"व्हय साहेब. पाच लाद्या. दोन-दोन मनाच्या."

"मग जबाबात रिकामी का सांगितलीस?"

"भ्यालो, साहेब."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांनी कागद ओढला. टाक कागदावर कुरकुरत होता, आणि तो आवाज सुहासिनीला स्वतःच्या हाडांत ऐकू येत होता. उत्तर तिला ठाऊक होतं. तरी ती वाट बघत होती, कुठेतरी हातचा चुकेल म्हणून.

"चोपन्न," साहेब म्हणाले. "बरोबर, बाई?"

"बरोबर."

*

पंधरा दिवसांनी निकाल लागला. दोन महिन्यांची साधी कैद. बर्फाबद्दल कुणाची तक्रार कोर्टापुढे नव्हती, म्हणून तो विषय तिथेच राहिला. सगुणा सुहासिनीच्या शेजारून निघून गेली. थांबली नाही, बोललीही नाही. महादूने मात्र दारात वळून तिला रामराम केला.

ते पंधरा दिवस नंदू घरात होता, आणि तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. ताट वाढलं की जेवायचा, उठायचा. शीळ बंद झाली होती. ती रोज ठरवायची, आज त्याच्यासमोर बसायचं, सांगायचं. रोज तिचं धाडस दारापाशी संपायचं. कोर्टात मान ताठ करून बोललेली ती बाई कुठे गेली, तिला स्वतःलाच कळेना.

आता ती कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. शिपाई नंदूला घेऊन येत होता. पळून जावं असं तिला फार वाटलं. पाय हलले नाहीत म्हणून ती तिथे राहिली, एवढंच.

तो तिच्यासमोर थांबला. शिपाई म्हणाला, "चला, चला साहेब," पण जरा बाजूला झाला.

"चोपन्न फूट," नंदू म्हणाला. पंधरा दिवसांत त्याचा आवाज तिने पहिल्यांदा ऐकला. "ताशी किती होतात ताई?"

"सदतीस. जरासे कमीच."

त्याने मान हलवली. "काटा सदतीसवर होता. वळणाच्या आधी मी पाहिलं होतं. पाहून म्हटलं, निघेल." त्याने कोटाची बाही ओढली. "त्याने मला पाहून गाडी बाजूला ओढली गं. मधे नव्हता तो. तो बाजूलाच होता."

सुहासिनीला काहीतरी बोलायचं होतं. सतरा वर्षांत त्याला काय काय म्हटलं होतं: अभ्यास कर, स्वेटर घाल, हळू चालव. त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं.

"तू घरी येशील ना रे?" तिने विचारलं. "सुटलास की? इकडे तिकडे नाही ना जाणार?"

नंदूने तिच्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे. शिपायाने त्याच्या दंडाला हात लावला.

"माहीत नाही, ताई," तो म्हणाला. "आत्ता नको विचारूस."

दोघं जिना उतरले. सुहासिनी कठड्यापाशी गेली आणि खाली वाकून बघत राहिली. अंगणात पोलिसांची निळी मोटार उभी होती. नंदू आत चढला. दार लागलं. मोटार फाटकाकडे निघाली आणि वळली, आणि वळताना ती किती हळू चालली आहे हे तिने, नको नको म्हणत असतानाही, मनात मोजलं.

मग ती एकटी जिना उतरू लागली, एकेका पायरीवर थांबत, कठडा घट्ट धरून.